फिटल्याशिवाय बसायचं नाही

आमच्या तात्यांच्या घरात तीन माणसांचा सोफा आहे आणि त्यावर एकालाच बसता येतं. सोफा मोडलेला नाही, चांगला गुबगुबीत आहे. पण तो हप्त्यावर घेतलाय आणि आतापर्यंत एका सीटपुरतेच पैसे फिटलेत. बाकीच्या दोन सीटवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच आहे. कुणी तिकडे वळलं की तात्या चटईवरून ओरडतात, "पावणं, तिकडं न्हाय! ते अजून कंपनीचं हाय!"

मी त्यांचा उचगावातला जुना भाडेकरू, तरी मलाही ते पावणंच म्हणतात.

तात्या शिरोलीच्या एका फौंड्रीतून निवृत्त झाले. नोकरीत असताना पक्के चिकट. बायकोने, म्हणजे काकींनी, फ्रिज मागितला की "पुढच्या दिवाळीला बघू" म्हणायचे आणि पैसे पतसंस्थेत टाकायचे. एके दिवशी पतसंस्थेलाच कुलूप लागलं. तेव्हापासून तात्या उलटे फिरले. "साठवलेलं बुडतंय. हप्त्याचा फ्रिज पळून जातोय व्हय?" फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, भिंतभर टीव्ही आला. माझं भाडं हातात पडायच्या आत हप्त्यात जातं.

"तात्या, अडीनडीला चार पैसे ठेवा की बाजूला," मी म्हणायचो.

"तुमी ठेवा. बुडालं की सांगा."

पण नियम कडक. फिटेल तेवढंच आपलं. फ्रिज निम्मा फिटलाय म्हणून दही आत आणि कोथिंबीर बाहेर. टीव्ही फिटला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

मग काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. शिल्लक कुठली? नवा गुडघाही हप्त्यावरच बसवला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, नाहीतर पाय कायमचा आखडेल. काकी पलंगावरून हलेनात. वेदना तर होत्याच, पण काकी ते कबूल करणाऱ्यातल्या नव्हेत.

"शारदे, ऊठ की," तात्या काकुळतीला आले.

"गुडघा फिटलाय व्हय?" काकी म्हणाल्या. "अजून कंपनीचा हाय. फिटला की चालीन."

मला हसू फुटलं. तात्यांना नाही फुटलं. दोन-तीन दिवस ते विनवत राहिले, काकी तेच उत्तर देत राहिल्या. तात्यांचं जेवण तुटलं. मलाही काळजी वाटायला लागली.

चौथ्या दिवशी मी भाडं द्यायला गेलो, तर तात्या सोफ्यासमोर उभे. त्यांनी दोन्ही सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि मधल्या, न फिटलेल्या सीटवर जाऊन बसले. बसले ते अगदी काठावर, चोरासारखे.

"बसलो बघ," ते म्हणाले. "जन्मभर तुला पुढच्या दिवाळीला, पुढच्या दिवाळीला म्हणत आलो. आता न्हाय म्हणणार. तू न्हाय चाललीस तर ह्या घरात मी कुणासंगं भांडू?"

काकींनी वॉकर जवळ ओढला. पलंगापासून सोफ्यापर्यंत चार पावलांचं अंतर होतं, त्यांना खूप वेळ लागला. तात्या हात पुढं धरून होते. काकी त्यांच्या शेजारी, शेवटच्या सीटवर टेकल्या. घामाघूम झाल्या होत्या.

"मऊ हाय की वो," त्या म्हणाल्या.

तात्यांनी त्यांचा हात सोडला नव्हता. डोळे पुसत त्यांनी मला फिटलेली सीट दाखवली.

"बसा पावणं. ती आपली हाय."