इनासची झोपलेली झाडं

माझ्या मुलानं आमच्या लॉनवरचा स्प्रिंकलर सुरू केला की शेजारचा इनास छत्री उघडून कुंपणाशी उभा राहायचा. स्वतः भिजायचा, छत्री झाडांवर धरायचा. वर मलाच दम. "तुझ्या पोराला सांग, माझी पोरं बुडवतोय!"

इथं कॅनडात, कॅम्लूप्सच्या उतारावर पाऊस नावालाच. जगतात ती जुनिपरची झुडपं, कोरडी अन् टोचरी. इनासच्या घरामागंही तेच. त्यांच्या मधे इथलीच रानफुलं लावायची, हे त्याचं वेड. पण माणूस वसईच्या वाडीतला. पहिल्या खेपेला केळीला घालावं तसं शेणखत घातलं, दोन वेळा पाणी पाजलं. सगळं कुजलं. मग नवी रोपं थंडीच्या तोंडावर लावली, बुडाशी खडी पसरली, अन् उन्हाळ्यात पाणी अगदी मोजकं. "लाड नाय करायचे," हे तो झाडांना ऐकवायचा, मलाही.

माझी बायको गेली तेव्हा सगळे म्हणाले, काळजी घ्या. हा म्हणाला, "कुदळ घे अन् ये." गेलो. जमीन सगळी दगडाची. रडायला सवड मिळाली नाही.

त्याची मुलगी रोझी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिसिसागाला. तिनं बजावलं होतं, "डॅड, लास्ट चान्स. ही झाडं पण मेली तर तुम्ही माझ्या कॉन्डोत यायचं." ऑगस्टात ती आली. पिवळ्या फुलांच्या रोपांची पानं वाळून कागद झालेली.

"दे आर डेड, डॅड."

"झोपलीत. उन्हाळ्यात झोपतात ती. मुळं जिवंत हायत."

"मग दाखवा."

मी म्हटलं, "अरे, एक उपटून दाखव की तिला!"

"उपटल्यावर ते जगेल काय?"

नाहीच उपटलं. मुकाट्यानं मिसिसागाला गेला. बर्फ वितळलं की घर विकायचं, असं रोझीनं ठरवलं.

बर्फ वितळलं. मी मागं जाऊन बघितलं, तर खडीतून करडी, लवदार पानं वर आलेली. लगेच फोन लावला.

"इनास, उठली रे तुझी झाडं."

तो हळूच म्हणाला, "रोझीला फोन देतो. तू सांग. माझं नाय ऐकत ती."

मी कमी शिकलेला माणूस, गोड बोलता येत नाही. तिला म्हटलं, "झाडं जिवंत आहेत. घर विकू नको. बापाला परत पाठव."