कल्पकतेचे दहा गुण

आमचे शेजारी भोये सर मुलांची गोष्ट वाचण्याआधी कागदाचा वास घेतात. चुलीच्या धुराचा वास आला, तर गोष्ट पोराची. पावडरीचा आला, तर शाळेतल्या बाईंची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी जव्हार-मोखाड्यातल्या शाळांच्या गोष्टलेखन स्पर्धेचे परीक्षक अजून तेच. गुणांच्या बेरजा मी करतो, कारण सरांचा स्वतःच्या बेरजेवरही विश्वास नाही.

यंदा त्रेचाळीस गोष्टी आल्या. एकोणतीस गोष्टींत सिंह होता.

"जामसरच्या पोरानं सिंह कुठं पाहिला? यामागे हात कुणाचा?" असं म्हणत सर तांबडी रेघ मारत गेले.

मी म्हटलं, "सर, न पाहिलेलं लिहिणं म्हणजेच कल्पकता ना?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

दाभोशाच्या सातवीतल्या सुमनची गोष्ट मात्र त्यांनी तीनदा हुंगली. घरची माणसं कामासाठी परगावी जातात आणि मागं राहिलेली चूल नि जातं आपसांत भांडतात, 'तुझ्यामुळंच आपल्याला नेलं नाही', अशी ती गोष्ट. जिल्ह्याला एकच गोष्ट जाणार होती, आणि नाव शनिवारी कळवायचं होतं.

"इतकी चांगली? म्हणजे उचललेली," सर म्हणाले. "तिचीच आहे हे दिसलं नाही, तर बाद." शुक्रवारी मला साक्षीदार म्हणून जीपमध्ये कोंबून ते दाभोशाला निघाले.

सुमन ओट्यावर तांदूळ निवडत होती. सरांनी कागद पुढं केला. "माझ्यादेखत नवी गोष्ट लिही."

"कशावर?"

"सुचेल त्यावर. सिंह नको."

तिची आजी तडकली. "पोरीनं चोरी केली का काय, गुरुजी?" तरी तिनं कोरा चहा दिला, नाचणीची भाकर दिली. सरांनी भाकर पुन्हा मागून घेतली.

"घरी कोण कोण हाय तुमच्या?" आजीनं विचारलं.

"कोंबड्या किती आहेत हो तुमच्याकडे?" सर म्हणाले.

परतीची जीप आली. मी उठलो, सर उठले नाहीत. दुसरीही गेली. सर कोंबड्यांची नावं विचारत होते.

सुमननं कागद दिला. मी सरांच्या खांद्यावरून वाचला. एक म्हातारे सर होते. ते गावोगाव जाऊन पोरांना विचारायचे, गोष्ट कुणाची? पोरं खरं सांगायची, तरी ते उठायचे नाहीत. कारण त्यांना घरी 'आलात का' म्हणणारं कुणी नव्हतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. तिच्या पहिल्या गोष्टीवर कल्पकतेचे दहापैकी दहा मांडून सही केली. नवा कागद घडी करून खिशात घातला.

"आणि या नव्या गोष्टीला किती?" मी विचारलं. बेरीज अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

"तिला गुण नाहीत," सर म्हणाले. "त्यात कल्पना काहीच नाही."