बकरीची स्वखुशी

१९७६ साली सौदी अरेबियात हुफूफपासून तीस मैलांवर आमच्या कंपनीचे पंपिंग स्टेशन उभे राहत होते. तेथे एक उत्तम नियम अमलात होता. प्रतिष्ठित पाहुण्याने कामाविषयी काढलेला प्रत्येक उद्गार शेरेबुकात नोंदवावा, त्यासमोर कार्यवाही लिहावी आणि ती पूर्ण झाल्याखेरीज त्या कामाचा दाखला देऊ नये. शेरेबुक माझ्या ताब्यात होते. दोन वर्षांत त्यात 'फार छान' आणि 'फार ऊन' असे दोनच शेरे पडले होते. पहिल्यासमोर मी 'आभारी आहोत' असे लिहिले. दुसऱ्यावरील कार्यवाही अद्याप चालू होती.

अशा वेळी ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद सर बार्नबी क्विल आमची पाहणी करण्यास आले. विलक्षण उद्गारांसाठी त्यांची ख्याती होती. धुक्यावर कर बसवावा, म्हणजे ते आपण होऊन फ्रान्सला निघून जाईल, असे त्यांनी भर सभागृहात सुचवले होते. लंडनमध्ये अशा बोलण्यावर लोक हसतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. विसरण्याची तरतूद आमच्या नियमांत नव्हती.

पाइपांच्या रांगेवरून माणसांना ओलांडता यावे म्हणून बांधलेल्या लोखंडी पुलापाशी सर बार्नबी थांबले आणि म्हणाले, "ज्या पुलावरून बकरी स्वखुशीने जात नाही, त्यावरून मी मंत्रिमंडळालासुद्धा जाऊ देणार नाही." सगळे हसले. मी लिहून घेतले.

तो पूल संगमेश्वरच्या धोंडीराम वेल्डरने बांधला होता. त्याची दोन वर्षांची रजा साठली होती. गावी त्याचा दीड वर्षाचा मुलगा होता, आणि बापलेकांची ओळख अजून फोटोपुरतीच होती. शनिवारच्या विमानात जागा मिळाली होती. परंतु पुलाचा दाखला नाही तर देश सोडण्याच्या एक्झिटच्या कागदावर सही नाही.

"साहेब, त्यांनी गंमत केली हो," धोंडीराम म्हणाला.

"गंमत असा रकाना शेरेबुकात नाही," मी सांगितले.

मेसचे हुसेनमियाँ मूळचे दाभोळचे. त्यांनी हुफूफच्या बाजारातून एक काळी बकरी आणली. फाटकावर तिला अडवण्यात आले, कारण पासाशिवाय कोणालाच प्रवेश नव्हता. पासासाठी कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक हवा, म्हणून कंपनी तिची कफील झाली. हुद्दा हवा, म्हणून 'पूल-निरीक्षक (हंगामी)' असे लिहिले. सुरक्षा विभागाने हेल्मेट सक्तीचे केले. शिंगांसाठी भोके पाडावीत, तर हेल्मेट सदोष ठरते. अखेर ते तिच्या गळ्यात बांधण्याची विशेष परवानगी निघाली. हे सर्व दीड दिवसात आटोपले.

"माझा इथे राहायचा इकामा व्हायला चार महिने लागले," धोंडीराम म्हणाला.

"तुला हुद्दा कुठे आहे निरीक्षकाचा?" हुसेनमियाँ म्हणाले. "नीट बोल तिच्याशी. सही तिच्या पायात आहे तुझी."

बकरी पुलाच्या पहिल्या पायरीशी गेली, तिने वर पाहिले आणि ती खाली बसली. हुसेनमियाँनी पलीकडून पाल्याची जुडी दाखवली. मी हरकत घेतली: पाला दाखवून घडवलेली हालचाल ही लाच होय, स्वखुशी नव्हे. मागून ढकलण्याची सूचना आली. ती सक्ती म्हणून फेटाळण्यात आली. मग प्रशासन-अधिकारी उस्मान परकार यांनी खुलाशासाठी लंडनला टेलेक्स पाठवला. उत्तर तत्परतेने आले: 'बकरी आठवत नाही. तथापि जगात वेळ किती झाली हे फक्त वाट पाहणाऱ्या माणसालाच ठाऊक असते.'

हा सर बार्नबींचा दुसरा शेरा. त्यावर कार्यवाही म्हणून वाट पाहणारा एक माणूस नेमणे भाग होते. धोंडीरामची पात्रता वादातीत होती. पुलाशेजारी खुर्ची टाकून त्याला बसवण्यात आले आणि दर तासाला त्याच्याकडून वेळ विचारून नोंदवण्यात येऊ लागली.

तो बसल्या बसल्या बकरीला मुलाविषयी सांगे. "चालायला लागलाय म्हणे. मला बघून पळाला तर काय करू गं?" बकरी रवंथ करी. हे संभाषण कामाविषयीचे नसल्यामुळे मी ते नोंदवले नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत पूल कागदोपत्री जसाच्या तसा अपूर्ण होता. धोंडीराम उठला. "खलास. विमान गेलंच समजा. माझी हत्यारं तरी घेऊन येतो," असे म्हणून तो पूल चढला. बकरीही उठली आणि गळ्यातले हेल्मेट सांभाळत, त्याच्यामागून ठक ठक पायऱ्या चढून पलीकडे उतरली.

हुसेनमियाँनी टाळी वाजवली. उस्मानसाहेबांनी मात्र भुवया चढवल्या. "ती त्याच्या मागून गेली. ही स्वखुशी कशी मानायची? तुम्ही काय लिहिणार?"

सगळे माझ्या लेखणीकडे पाहू लागले. धोंडीराम पलीकडे हातात पाना धरून उभा होता. मी मुद्द्याचा साकल्याने विचार केला आणि 'कार्यवाही पूर्ण' असे लिहून पुस्तकातून दाखला फाडून त्याला दिला. शनिवारचे विमान त्याला मिळाले.

माझ्या निर्णयावर अनेकांनी टीका केली. तिला माझे उत्तर एवढेच. पुढे कोणीतरी चालले आहे म्हणून मागून जाणे ही स्वखुशी नव्हे असे एकदा ठरले, तर चौकशी बकरीपाशी थांबणार नाही. ती मतपेटीपर्यंत जाईल. आणि तिथवर आपण कोणामागून गेलो होतो, हे वाचकांना लेखी द्यावे लागेल.