बिनपासचं कार्ड

"काय करून राह्यले जी तुम्ही?"

झोळीत झोपलेली लेक, मैत्री, जागी होऊ नये म्हणून खुशबूनं हे इतक्या हळू विचारलं, की रागावल्यासारखं वाटतच नव्हतं. कुलदीपनं जुना लॅपटॉप खाटेवर पालथा घालून त्याचं पोट उघडलं होतं.

"तुह्याचसाठी तं! नवं वायफाय कार्ड लावून राह्यलो. जुन्यानं चित्र अडकते तुह्यं."

अकरा वाजता खुशबूची मुलाखत होती. नागपूरच्या एका शिकवणीवाल्यांना मुलांना घरून मराठी शिकवणारी बाई हवी होती. लॅपटॉप पाहिजे, फोन चालणार नाही, एवढीच अट. मैत्रीच्या जन्मानंतर भद्रावतीतली शाळेची नोकरी सुटली, त्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणून मेल पाठवला होता. तो तिनं मैत्रीला मांडीवर घेऊन वाचूनही दाखवला होता.

लॅपटॉप सुरू झाला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि यंत्र तिथंच अडून बसलं.

"काय म्हणते तो?" सासऱ्यांनी दारातून विचारलं. बापूरावांचा जन्म कोळसा खाणीच्या गेटावर पहारा करण्यात गेला होता.

"हे कार्ड मंजूर नाई म्हणते, मामाजी. काढा म्हणते."

"मंग जुनंच लावा ना!" खुशबू नवऱ्याकडे वळली.

कुलदीपनं तळहात पुढे केला. जुन्या कार्डाची वायर अडकवायची टिकली उखडून वेगळी पडली होती.

"त्याचा बिल्ला याले लाव, लेका," म्हणत बापूरावांनी जुन्या कार्डावरचा छापील कागद नखानं सोलला आणि थुंकी लावून नव्यावर चिकटवला. यंत्र फसलं नाही. बापूरावांना त्याचा आदरच वाटला. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "पण गेटवाला पास सुरुवातीलेच पाह्यते. गेट उघडलं का मांगून घुसणाऱ्याले कोण इचारते?"

कुलदीपनं कार्ड काढून लॅपटॉप चालू केला. यंत्राची तपासणी आटोपून पडदा उजळू लागला, तसं त्यानं श्वास रोखून कार्ड आत सरकवलं. फोनचं नेट लागलं! फक्त हे कार्ड जुन्याच्या निम्मंच होतं. स्क्रू पोचेना, आणि बोट काढलं की कार्ड निसटायचं.

तर अकरा वाजता नवारीच्या खाटेवर लॅपटॉप होता. पुढ्यात पाटावर खुशबू, वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरची सलवार. खाटेखाली कुलदीप उताणा, पट्ट्यांच्या फटीतून बोट घालून कार्ड दाबून. दारात बापूराव, भाजीवालीलाही थोपवत.

खुशबूनं 'ळ' शिकवून दाखवला. केळं सोललं, डोळे फिरवले. नागपूरच्या मॅडम हसल्या. तेवढ्यात झोळी हलली. बापूरावांनी लगबगीनं नातीला काढून खाली ठेवलं, आणि मैत्री रांगत थेट खाटेखाली गेली. बाप असा निवांत आडवा तिनं कधी पाहिलाच नव्हता. ती छातीवर चढली आणि दोन्ही हातांनी त्याची मिशी धरली.

"शेवटचं विचारते हं," मॅडम म्हणाल्या. "बाळ लहान आहे तुमचं. घरून सपोर्ट आहे ना?"

खुशबूनं खाली पाहिलं. मिशी ताणलेली, डोळ्यांत पाणी, पण बोट जागेवर. उत्तर द्यायचं सोडून ती त्या बोटाकडेच पाहत राहिली.

ती गप्प का, हे कुलदीपला कळेना. नोकरी जाते की काय!

"आहे ना मॅडम! पुरा सपोर्ट आहे!" म्हणत तो पोरीसकट खाटेखालून बाहेर आला.

बोटही बाहेर आलं. मॅडम उघड्या तोंडानं गोठल्या, मग नाहीशाच झाल्या.

तेवढ्यात खुशबूचा फोन वाजला.

"कोण होते हो ते?"

"मिस्टर आहेत, मॅडम." आता गमवायचं उरलंच काय होतं? खुशबूनं खाट, बोट, सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं.

"सोमवारपासून सुरू करा. पण रोजचे चार तास आहेत. मिस्टरांना विचारा, जमेल का?"

खुशबूनं फोनवर हात ठेवून विचारलं. कुलदीपनं बोट चोळलं, मैत्रीकडे पाहिलं.

"जमते म्हण," तो म्हणाला. "फक्त मिशी काढून घेतो."