सुळक्यावरची पातळ हवा

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा एकच होता आणि तहानलेले पुष्कळ. म्हणून दर वैशाखात पाच कोसांची शर्यत व्हायची. जिंकणाऱ्याच्या कळपाला वर्षभर पहिलं पाणी. बाकीच्यांनी मागून यायचं आणि गढूळ चिखल प्यायचा.

टिपरी हरणी तीन वर्षं दुसरी येत होती. दर वेळी सांबरांचा भुऱ्या नाकभर पुढे. टिपरीच्या म्हाताऱ्या आईच्या दातांत बारा महिने माती असायची. ते पाहून लेकीचा जीव तुटायचा.

एके दिवशी हुप्पे मास्तर झाडावरून खाली उतरले. होते वानरच, पण दूरदेशीच्या डोंगरांवर राहून आल्याचं सांगत. त्यामुळे सगळे त्यांना अहोजाहो करत.

"पोरी, इथं पळून उपयोग नाही," मास्तर म्हणाले. "इथली हवा दाट. त्या सुळक्यावरची पातळ. पातळ हवेत राहिलं की रक्त दाट होतं. मग दम लागतच नाही."

"म्हणजे ताक पातळ केलं की दही घट्ट होतं का हो?"

"प्रश्न विचारले की दम जातो," मास्तर म्हणाले.

टिपरी सुळक्यावर गेली. चार दिवस तिचं डोकं नुसतं ठणकत होतं. रक्त तपासायला मास्तरांनी जळूबाई नेमल्या होत्या. त्या रोज सकाळी टिपरीच्या मानेला चिकटत, डोळे मिटत आणि सांगत, "कालच्यापेक्षा दाट आहे हं. पण खात्रीसाठी अजून थोडं लागेल." जेवढं रक्त वाढे, तेवढं तपासणीत जाई. महिन्याभरात जळूबाई मात्र चांगल्या गरगरीत झाल्या.

शर्यत झाली आणि टिपरी चक्क कानभर पुढे राहून जिंकली!

आई पहिल्यांदा नितळ पाणी प्यायली. "अगं बाई," ती म्हणाली, "पाण्याला मातीची चव नसतेच की!" टिपरीला रडूच कोसळलं.

सारं जंगल मास्तरांचा जयजयकार करू लागलं. टिपरी खरं बोलणारी होती. ती म्हणाली, "अहो, उंचीचं मला काही कळत नाही. वर वाघ नव्हता, म्हणून महिनाभर निवांत झोपले. दोन्ही वेळा नेमानं पळले. शिवाय यंदा भुऱ्याच्या खुरात काटा होता."

"किती नम्र आहे पोर!" सगळे म्हणाले, आणि पुढच्या वर्षी झाडून सगळे सुळक्यावर गेले. सांबरं गेली, ससे गेले, रानडुकरं गेली. कासवही निघालं, ते अजून वाटेत आहे. पातळ हवा फुप्फुसांना पुरेना, पण डोक्यात मात्र भरपूर गेली.

खाली राहिला एकटा टिपरीचा कळप. वैशाख आला, तरी वरून कोणी उतरेना. जळूबाई म्हणत होत्या, "अजून हवं तसं दाट झालेलं नाही."

आई पाणवठ्यात गुडघाभर उभी होती. "शर्यत कधी गं?"

"वरचे उतरले की."

"मग बोलावू नकोस हो त्यांना," आई म्हणाली आणि तिनं पुन्हा पाण्याला तोंड लावलं.

तात्पर्य: उंचावर सराव केल्यानं फायदा होतो की नाही, यावर विद्वानांचं एकमत नाही. सगळे वर गेले की खाली राहणाऱ्याला तो होतो, एवढं मात्र नक्की. म्हणून बाळांनो, शेजारी डोंगरावर निघाला तर त्याला अडवू नका. शिदोरी बांधून द्या, आणि चार दिवसांची जास्तच द्या.