दोन फेट्यांचा सर्व्हर

"इंदूरहून माणूस बोलवायची गरजच काय? मी आहे ना," असं श्रीधरराव पोतनीस म्हणाले, तेव्हा ऑफिसातल्या बाकीच्यांना गीझर आठवला. मागच्या वेळी ते असंच म्हणाले होते आणि घरचा गीझर दुरुस्त झाला होता. तो आता बटण बंद केलं की पाणी तापवतो.

इंदूरजवळच्या शहरात, माधव नगरातल्या 'पोतनीस आणि पोतनीस, कर सल्लागार' या ऑफिसात माणसं मोजकीच. श्रीधररावांचे थोरले भाऊ भय्यासाहेब हे मालक. त्यांची सून मृणाल ही काम करणारी. दोघा भावांचे काका तात्या हे संस्थापक, म्हणजे रोज येऊन चहा पिणारे. आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले श्रीधरराव. त्यांचं इथं नेमकं काम काय, हे कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी विचारू नये अशीच त्यांची इच्छा होती. 'कॉम्प्युटरचं श्रीधर बघतो' या एका वाक्यावर त्यांची खुर्ची टिकून होती.

जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर ठेवलेला. सगळे हिशेब त्याच्या पोटात. टेबलांवरचे कॉम्प्युटर म्हणजे त्यात डोकवायच्या नुसत्या खिडक्या. त्या सकाळी सगळ्या खिडक्या एकदम बंद झाल्या. पडद्यावर एकच मजकूर: लायसन्सची मुदत संपली आहे, ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. ॲडमिनिस्ट्रेटर स्वतः श्रीधररावच होते. स्वतःशी संपर्क कसा साधावा या विचारात ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"श्रीधर," भय्यासाहेब म्हणाले, "धर्मशाळा ट्रस्टचा ऑडिट रिपोर्ट आज अपलोड व्हायलाच पाहिजे. आज शेवटली तारीख. संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर उद्यापासून सर्व्हर विहंगराव बघतील."

विहंगराव म्हणजे भय्यासाहेबांचे जावई, इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी फोनवर अर्ध्या मिनिटात निदान केलं होतं: फुकट वापरायची मुदत संपली, लायसन्स विकत घ्या, किस्सा खतम.

"विकत घ्यायला काय, कोणीही घेईल," श्रीधरराव म्हणाले आणि यूट्यूब उघडून बसले.

तिथं एका दाढीवाल्यानं हिंदीत खुलासा केला की सर्व्हरला एक मागचा दरवाजा असतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत जाणाऱ्यांना लायसन्स विचारत नाहीत. मात्र तिथं जागा दोनच. श्रीधररावांनी पहिला भाग तीनदा ऐकला. दुसरा भाग आला तेव्हा ते उठून सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर करायला गेले होते.

"मला पण?" तात्यांनी विचारलं.

"तुम्हाला पण."

तात्या बढती मिळाल्यासारखे ताठ बसले आणि आत जाऊन पत्त्यांचा डाव मांडला. भय्यासाहेब आत गेले. मग मृणाल गेली, आणि भानगड सुरू झाली.

दोघं आत असताना तिसरा आला की सर्व्हर आतल्या एकाला विचारतो: अमुक येऊ इच्छितात, आपण बाहेर पडता का? अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही, तर तो होकार समजतो. सर्व्हर बनवणाऱ्यांना वाटलं असणार की माणसं सरळ 'नाही' म्हणतील. त्यांनी माळव्यातली पंगत पाहिली नव्हती.

मृणालनं दार ठोठावलं. तो प्रश्न भय्यासाहेबांच्या पडद्यावर गेला.

"अगं, तू बस," म्हणून ते बाहेर पडले.

"नाही, बाबा, तुम्ही बसा नं," म्हणून तीही बाहेर पडली. पाच मिनिटं दोघं एकमेकांना आग्रह करत राहिले आणि जागा रिकामी पडून राहिली. शेवटी भय्यासाहेब बसले, मृणालनं पुन्हा दार ठोठावलं. या वेळी प्रश्न तात्यांना गेला. तात्यांना चष्मा सापडेपर्यंत अर्धं मिनिट उलटून गेलं आणि पत्त्यांसकट ते बाहेर.

"कोणी काढलं मला?" तात्या उभे राहिले. "ही पाटी मी लावली आहे बाहेर."

"मी आत्ताच उठते, तात्या," मृणाल म्हणाली आणि उठली. ट्रस्टच्या रिपोर्टचं अर्धं भरलेलं पान तिच्याबरोबर उठलं.

दुपार होत आली. रिपोर्ट पहिल्याच पानावर होता. सून कोणालाही 'नाही' म्हणत नव्हती आणि ऑफिसात तिच्याहून लहान कोणी नव्हतं.

तेव्हा श्रीधररावांना सुचलं. मृणालच्या लग्नातले दोन रेडीमेड फेटे कपाटावर पडून होते, केशरी, झिरमिळ्यांचे. ते त्यांनी टेबलावर ठेवले.

"जागा दोन, फेटे दोन. ज्याच्या डोक्यावर फेटा, तोच आत जाणार. फेटा नाही तर हात जोडून बसायचं."

"वा," भय्यासाहेब म्हणाले आणि एक फेटा घालून टाकला. दुसरा तात्यांनी घेतला. मृणालनं हात जोडले.

तेवढ्यात ट्रस्टचा माणूस चौकशीला आला आणि दारातच थबकला. "भाईसाब, शादी है क्या?"

"ऑडिट है," श्रीधरराव म्हणाले.

जेवणानंतर भय्यासाहेबांना खुर्चीतच डोळा लागला, फेट्यासकट. झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्यावरून फेटा काढणं पोतनिसांच्या घरात होत नसतं. आता दुसरा फेटा हवा होता. तात्यांची खुर्ची रिकामी होती.

"ते मुंजीला गेले," मृणाल म्हणाली. "इंदूरला, अलकाआत्यांकडे. नानाखेड्याच्या स्टँडवरून बस पकडतो म्हणाले."

"फेटा?"

"घालूनच गेले."

श्रीधरराव स्कूटरची किल्ली शोधू लागले.

"काका," मृणाल हळूच म्हणाली, "मी अशीच बसू का?"

"अशी कशी? मग पद्धत कशाला घालून दिली?" असं म्हणत त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

नानाखेड्याला इंदूरची बस सुटायच्या बेतात होती. खिडकीत केशरी फेटा दिसत होता. श्रीधरराव पायरीवर चढले.

"तात्या, फेटा द्या."

"मुंजीला बोडका जाऊ? अलका काय म्हणेल?"

"तात्या, ट्रस्टचा रिपोर्ट अडकून राहिला आहे."

"मग मला काय सांगतोस? मी आता ॲडमिनिस्ट्रेटर आहे, मला घाई नसते."

"अंकलजी," कंडक्टर म्हणाला, "बारात में हो तो बैठो, नहीं तो उतरो."

"भैया, एक मिनट," श्रीधररावांनी त्याला समजावलं. "इस फेटे के बिना हमारा कंप्यूटर नहीं चलता."

बसमधली सगळी डोकी वळली. आणि तिथं, एक पाय पायरीवर आणि एक हवेत, श्रीधररावांनी आपलं वाक्य पहिल्यांदाच नीट ऐकलं. तात्या बसमध्ये होते. भय्यासाहेब घोरत होते. सर्व्हरमध्ये तात्यांची जागा मोकळी होती आणि सर्व्हरला फेट्याबद्दल काहीही माहीत नव्हतं.

ते उतरले. बस गेली. त्यांनी मृणालला फोन लावला.

"काका, झालं अपलोड," ती कुजबुजली. "पावती पण आली."

"फेट्याशिवाय?" श्रीधररावांचा पहिला प्रश्न हाच होता.

"हो. अशीच बसले. बाबांना नका सांगू, प्लीज. त्यांना वाटेल, मी मोठ्यांचा मान ठेवला नाही."

श्रीधररावांनी नाही सांगणार म्हणून कबूल केलं. ऑफिसच्या पायऱ्या चढताना त्यांना वाटत होतं, जाऊ दे, कपाटाची किल्ली विहंगरावांना देऊन टाकावी.

आत भय्यासाहेब जागे होते. फेटा तिरका, चेहरा प्रसन्न. फोनच्या स्पीकरवर विहंगराव.

"बाबा, मी आजच लायसन्स घेऊन टाकतो. पाच जण एकदम आत बसू शकतील."

"काही गरज नाही, विहंगराव. आमच्या श्रीधरनं दोन फेट्यांत काम उरकून दाखवलं. पद्धत लावली की होतं सगळं." त्यांनी फोन ठेवला आणि वळले. "श्रीधर, पुढच्या महिन्यात आपली माणसं वाढतायत. उद्या देवास गेटच्या बाजारात जा आणि आणखी चार फेटे आणून ठेव. म्हणजे सहा जण बसतील."

श्रीधररावांनी तोंड उघडलं. मृणाल पडद्यात मान घालून बसली होती. त्यांनी आपल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं.

"कुठल्या रंगाचे आणू?" त्यांनी विचारलं.