डेकची शेवटची फट

होडीच्या डेकखालच्या खोलीत बायकोच्या उशीवर तिसऱ्यांदा पाणी टपकलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता एक थेंब जरी पडला, तर ही होडी माझ्या भावाला देऊन टाकायची." ती ओरडली असती तर डॉक्टरांनी मनावर घेतलं नसतं. ती शांत होती, म्हणून त्यांना घाम फुटला.

डॉक्टर दातांचे, पण जीव सगळा होडीत. मेहुण्याचा त्या होडीवर केव्हापासून डोळा. सागवानी डेकवरून हात फिरवत तो म्हणायचा, "भाऊजी, तुमच्याच्यानं नाही व्हायचं हे." तेही अगदी प्रेमानं.

रविवारी सकाळीच डॉक्टर लेपाचा डबा घेऊन डेकवर बसले. जन्मभर किडलेल्या दाढा भरलेला माणूस. फट दिसली की भरायची, एवढंच त्या हातांना ठाऊक. शिंतोडे नकोत म्हणून चष्मा काढून ठेवलेला. फळ्यांमधल्या फटी त्यांनी खरवडल्या, पुसल्या आणि गच्च भरल्या. मध्येच एकदा सवयीनं "आ करा" असंही म्हणून गेले. शेवटी एक चौकोनी फट उरली. तीही मोठ्या मायेनं भरून त्यांनी वरून लेपाचे दोन हात दिले. दुपारच्या उन्हात सगळं दगडासारखं घट्ट झालं.

मग त्यांनी डेकवर बादल्याच्या बादल्या ओतल्या आणि मेहुण्याला मुद्दाम बोलावून घेतलं.

"जा, खाली जाऊन बघ. थेंब सापडला तर होडी तुझी."

"जातो की. पण भाऊजी, खाली जायची झडप कुठंय?"

डॉक्टरांनी चष्मा लावला. झडप जागेवरच होती, चारी बाजूंनी सुरेख भरलेली.

"आणि ताई कुठंय?" मेहुण्यानं विचारलं.

डॉक्टरांनी आ वासला. गळतंय का ते स्वतः बघते म्हणून बायको जेवण झाल्यावर उशी घेऊन खाली गेली होती. फटींच्या नादात ते साफ विसरले होते.

"करवत आणतो," मेहुणा म्हणाला. त्याचा आनंद काही लपत नव्हता.

"थांब जरा," डॉक्टर कळवळले. "घाई कशाला? आत बरी आहे ना ती."

तेवढ्यात बाजूची बशीएवढी गोल खिडकी उघडली.

"काही कापू नका," आतून बायको म्हणाली. "एक थेंब नाही आला. कित्येक वर्षांनी दुपारी डोळा लागला माझा. टॉवेल कुठंय म्हणून कुणी उठवलं नाही. चहा द्या तेवढा इथून."

"म्हणजे होडी…"

"होडी आपलीच. आणि तुमचं ते 'घाई कशाला' ऐकलंय मी."

मेहुणा मुकाट्यानं घरी गेला. डॉक्टरांनी दवाखान्यातली बारीक हत्यारं आणून, दाढ कोरावी तशी झडप मोकळी केली.

पुढच्या रविवारी बायको उशी, पुस्तक आणि चहाचा थर्मास घेऊन खाली गेली आणि तिनं आतून कडी लावली. घटकाभरानं पाऊस आला. चिंब भिजलेल्या डॉक्टरांनी झडपेवर टकटक केली.

"अगं, उघड ना. आत गळत तर नाहीये?"

"अजिबात नाही," बायको पान उलटत म्हणाली. "पण वरून नीट लक्ष ठेवा. घाई कशाला?"